भिंतीपलीकडचा हुंकार

शेवटचा पेपर देऊन प्रियदर्शनी बाहेर आली तेव्हा ऊन टळटळीत होतं. बरोबरच्या मुली रसवंतीकडे वळल्या. ती मात्र सरळ वाचनालयात गेली.

हे पंच्याण्णव सालच्या एप्रिलमधलं. बी.एस्सी.साठी ती बारामतीत वसतिगृहावर राहत होती. गावाकडं, वरकुट्यात, त्यांच्या आळीतून कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी, त्यामुळे तिच्या अभ्यासाची काळजी तिच्यापेक्षा आळीलाच जास्त. वडील, अप्पा, इंदापूरला एका शाळेत क्लार्क होते. ते म्हणायचे, "गोष्टीची पुस्तकं कुठं पळून जात न्हाईत. आधी परीक्षा." तिनं ते पाळलं. लहानपणी वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणाऱ्या या मुलीनं कॉलेजची सगळी वर्षं अभ्यासाखेरीज एक ओळ वाचली नव्हती.

वाचनालयात रामहरी म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. तिनं त्यांना सांगितलं, "जाडजूड काहीतरी द्या. सुट्टीभर पुरेल असं."

रामहरी आत गेले आणि खाकी पुठ्ठ्यात पुन्हा बांधलेली एक कादंबरी घेऊन आले. "वरचं पान कधीच गेलंय, तेव्हा नाव विचारू नका," ते म्हणाले. "आत एक सरू नावाची बाई आहे आणि एक नदी आहे. लोक परत परत नेतात."

ती पुस्तक घेऊन वरकुट्याला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, आई रानात आणि अप्पा शाळेत गेल्यावर, तिनं सोप्यात चटई टाकली, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि पुस्तक उघडलं.

आणि तिला वाचताच येईना.

म्हणजे अक्षरं दिसत होती, डोळे ओळीवरून जात होते, पण मागं काही उरत नव्हतं. पहिल्याच पानावर नदीचं वर्णन होतं. ते संपलं आणि तिच्या मनात आलं, टीप लिहा, चार गुण. सरूच्या नवऱ्याचा स्वभाव कळला की लगेच वाटायचं, स्वभावाचे पैलू सोदाहरण स्पष्ट करा. हात आपोआप पेन्सिल शोधायचा. पान उलटलं की मागच्या पानावर काय होतं ते आठवायचं नाही आणि आठवलं नाही म्हणून छातीत धडधडायचं, परीक्षेच्या आदल्या दिवशी व्हायचं तसंच. तिला रडू आलं. इतक्या दिवसांनी आवडत्या माणसाकडे जावं आणि त्यानं ओळखच दाखवू नये, तसं झालं.

दोनचार दुपारी अशाच गेल्या. मग एकदा वैतागून तिनं पुस्तक मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आजूबाजूला कुणी नव्हतंच. शेजारचं घर आबाजींचं. ते मुलीचं लग्न करून मोठ्या मुलाकडे पिंपरीला राहायला गेले, तेव्हापासून त्या घराला कुलूप होतं. दोन्ही घरांना मधली भिंत एकच, आणि ती पत्र्यापर्यंत गेलेली नव्हती. वर वीतभर फट होती. लहानपणी त्या फटीतून दोन्हीकडची भांडणं आणि दोन्हीकडच्या फोडण्या इकडून तिकडं जायच्या.

मोठ्यानं वाचताना तिला आपलाच आवाज आधी परका वाटला. मग हळूहळू सरू तिच्या आवाजात बोलायला लागली. नवऱ्यानं टाकलेली, पदरात तान्हं पोर असलेली सरू भाकरी थापताना कुणाशी तरी मनातल्या मनात भांडत असते, तिथं आल्यावर प्रियदर्शनीला हसू फुटलं. खरंखुरं हसू. तिच्या लक्षात आलं की गेल्या चार पानांत आपल्याला एकही प्रश्न पडलेला नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "हं."

ती थांबली. पारवा असेल, तिला वाटलं. रिकाम्या घरात पारवे घुमतातच. तिनं पुन्हा वाचायला घेतलं. एक परिच्छेद झाला. "हं."

गोष्ट सांगताना समोरच्यानं हं म्हणायचं असतं, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हं म्हणणारं कुणी नसेल तर सांगणारा सांगत नाही. तो आवाज तसाच होता. बारीक, ऐकण्यात गुंगलेल्या माणसाचा. पारव्याला वाक्य कुठं संपतं ते कळत नाही. या आवाजाला कळत होतं. वाक्य अर्धवट असलं की तो यायचा नाही, बोलण्याचा अर्थ पुरा झाला की यायचा.

आता कुणालाही नवल वाटेल, पण प्रियदर्शनीला त्या पहिल्या दिवसांत भीती वाटली नाही. वाचनात तिला इतकी गोडी लागली होती की कारण शोधायला तिला सवड नव्हती. दुपार कधी होते याची ती वाट बघायची. आईला वाढायला घाई करायची. चटई तिनं भिंतीजवळ सरकवली. हं आला की पुढं जायचं, अशी तिला लयच सापडली. सरूला सासरच्यांनी घराबाहेर काढलं, तिनं पुराच्या रात्री पोर घेऊन नदी ओलांडायचं ठरवलं, ती काठावर येऊन नावाड्याला हाका मारायला लागली. प्रियदर्शनीचा घसा कोरडा पडायचा, पण पुस्तक खाली ठेववत नव्हतं. संध्याकाळी रानातून आई, भागुबाई, परत यायची आणि म्हणायची, "काय गं, डोळं लाल दिसत्यात? परीक्षा झाली न्हवं?"

"परीक्षेचं न्हाय वाचत आई. गोष्ट वाचते."

"मग वाच बापडे."

एका दुपारी सरू नावेत बसली. नावाड्यानं वल्हं मारलं, काठ सुटला, आणि पान संपलं. प्रियदर्शनीनं पुढचं पान उलटलं तर सरू पैलतीरावरच्या एका गावात कुणाच्या तरी घरी धुणं धूत होती. केस पांढरे झालेले. पोराचा कुठं उल्लेखच नाही. तिनं पानांचे आकडे बघितले. मधली सोळा पानं नव्हती. बांधणाऱ्यानं दोन्हीकडची पानं जवळ घेऊन बेमालूम शिवून टाकली होती.

"अगं बाई, हितली पानंच न्हाईत," ती भिंतीकडं बघून, सवयीनं, मोठ्यानं म्हणाली. मग पुस्तक उलटंसुलटं करून बघत गप्प बसून राहिली. चरफडत होती. पोराचं काय झालं ते कळल्याशिवाय पुढं काय वाचायचं?

"हं," पलीकडून आलं.

तिनं मान वर केली. आपण काहीच वाचलं नाही, मग हे कशाला? ती ओठ मिटून बसली.

"हं."

थोडा वेळ गेला. एखादा परिच्छेद वाचायला लागतो तेवढाच. "हं." पुन्हा तेवढा वेळ. "हं." बाहेर पिंपळाचं पानही हलत नव्हतं. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. प्रियदर्शनीचं तोंड बंद होतं, पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं, आणि भिंतीच्या पलीकडं कुणीतरी ती गोष्ट ऐकतच होतं. मधेच तो हं जरा घाबरा झाला, लागोपाठ दोनदा आला. मग बराच वेळ आलाच नाही. आणि मग एकदम लांब, निवांत, श्वास सोडल्यासारखा आला. "हंऽऽ."

ती चप्पल न घालता तशीच तापलेल्या धुळीतून रानात आईकडं पळत गेली.

भागुबाई भुईमूग खुरपत होती. लेकीचा चेहरा बघून तिनं खुरपं खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिला बांधावर सावलीत बसवलं.

संध्याकाळी अप्पा आले. त्यांच्या घरात भूतखेत हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. देवऋषी, उतारे, अंगात येणं हे सगळं आपण मागं टाकून आलोय, असं ते आळीतल्या लोकांना समजावून सांगायचे, आणि स्वतःच्या पोरीनं असं काही बोलावं याचं त्यांना वाईट वाटलं.

"पारवं असत्याल," ते म्हणाले. "चल, उघडूनच बघू. मनात किंतू ठेवायचा न्हाय."

आबाजी जाताना किल्ली भागुबाईकडंच ठेवून गेले होते. उजेड असतानाच तिघं शेजारी गेली. कुलूप गंजलं होतं. अप्पांनी त्यात तेल सोडलं तेव्हा कुठं ते निघालं. आत एक जातं, फुटका रांजण आणि कोपऱ्यात गुंडाळलेली चटई, एवढंच होतं. जमिनीवर धुळीचा सारखा थर होता. त्यावर पारव्याची शीट नव्हती, पीस नव्हतं, उंदराचं पाऊलसुद्धा नव्हतं. अप्पांनी वर आढ्याकडं बघितलं, खिडकीची कडी हलवून बघितली. मग ते बाहेर आले, कुलूप लावलं, आणि त्या दिवशी त्यांनी त्या विषयावर पुढं काही म्हणून काही समजावून सांगितलं नाही.

जेवताना भागुबाईनं विचारलं, "आवाज कसा हुता गं?"

"बारीक. बाईमाणसाचा. नाकातनं आल्यासारखा."

भागुबाईचा घास हातातच राहिला. "नकोशी तसंच म्हणायची," ती म्हणाली.

नकोशी ही आबाजींची धाकटी मुलगी. तीन मुलींवर चौथी झाली म्हणून हे नाव पडलं आणि तेच शाळेतही लागलं. प्रियदर्शनीच्याच वयाची. सातवीनंतर तिची शाळा सुटली, पण प्रियदर्शनी धडे पाठ करायला बसली की ती भिंतीला पाठ लावून पलीकडं बसायची. इतिहास असो की विज्ञान, तिला सगळं सारखंच. वरच्या फटीतून तिचा हं यायचा. पुढं बावड्याच्या एका पोराशी, सुमितशी, तिचं लग्न झालं. प्रियदर्शनी तेव्हा बारामतीत होती. दोघींची भेट होऊन किती दिवस झाले, हे कुणालाच आठवेना.

"आई, नकोशी बरी हाय न्हवं?"

भागुबाईनं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी ताटाकडं.

"माघात बाळंत झाली," भागुबाई म्हणाली. "पोरगा हुता. जगला न्हाय. तवापासनं ती हातरुणालाच हाय, बोलत न्हाय. मी जाऊन आले बावड्याला. तुला सांगितलं न्हाय, तुझी परीक्षा हुती."

प्रियदर्शनी ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी सकाळच्या एसटीनं इंदापूरला आणि तिथून बावड्याला गेल्या. प्रियदर्शनीनं पिशवीत ते पुस्तक टाकलं होतं. का टाकलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

नकोशीची सासू द्वारकाबाई दारातच भेटली. "जयभीम बाई, या," म्हणाली, पण तिचा चेहरा ओढलेला होता. आत नेऊन पाणी दिलं आणि हळू आवाजात बोलायला लागली. "खोटं कशाला सांगू, आता मला भ्या वाटतंय. आधी नुसती पडून असायची. आता पंधरवडा झाला असंल, दुपार झाली की हं म्हणती. डोळं मिटल्यालं, अन् मधनंमधनं हं. कुणाला म्हणती, काय म्हणती, कायबी कळंना. गल्लीतल्या बायका म्हणत्यात देवऋष्याकडं न्या. सुमित म्हणतो, आपल्यात असलं चालत न्हाय. मी बी न्हाय म्हणते. पर रोज दुपारी त्या खोलीत मला बसवत न्हाय बगा."

प्रियदर्शनीनं तांब्या खाली ठेवला. "काल बी म्हणत हुती का?"

"काल तर लई वेळ. अन् काल मधीच घाबरली, हात धरून बसली माझा. मग निवली. अन् उठून बसली की! इतक्या दिसांत पयल्यांदा. भाकरी मागून घेतली."

भागुबाईनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

आतल्या खोलीत नकोशी भिंतीला टेकून बसली होती. मनगटं काटक्यांसारखी झाली होती. तिच्या डोळ्यांत मात्र ओळख होती. प्रियदर्शनीला बघून ती हसली.

"आलीस व्हय," ती म्हणाली. तोंड फार दिवसांनी उघडल्यासारखा खरखरीत आवाज. "पुढचं कवा वाचणार?"

"कशाचं पुढचं?"

"सरूचं. ती धुणं धूत हुती तितं थांबलीस."

प्रियदर्शनी तिच्याजवळ जमिनीवर बसली. धुण्याचं ते वाक्य तिनं मोठ्यानं वाचलंच नव्हतं. पान उलटून नुसती नजर टाकली होती.

"नकोशे," ती म्हणाली, "मधली पानं फाटल्यात. सरू नावंत बसली अन् पुढचं न्हायच. पोराचं काय झालं ते मलाच ठावं न्हाय."

"असं काय करतीस? तूच तर वाचलंस. आवाज तुझाच हुता." नकोशीनं पाय पोटाशी घेतले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. "नावाड्याचं नाव हरबा. नाव मधल्या धारंत गेली अन् भोवऱ्यात फिराय लागली. पाणी आत आलं. सरूचं हात गारठलं, पोर सुटाय लागलं. तवा हरबानं डोईचा पटका सोडला. पिवळा पटका. पोर त्यात गुंडाळलं अन् आपल्या पाठीशी बांधलं. अन् एका हातानं वल्हं मारत नाव काढली. मी लई भ्याले तितं. पर पोर जगलं. सरूला ताप भरला हुता, दूध न्हवतं. हरबाच्या भावजयीनं पोराला घेतलं. सरूनं मग ते तिलाच दिलं. म्हणाली, माझ्याजवळ उपाशी मरंल, तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. ते हाय. हरबाच्या घरी हाय ते."

दारात उभ्या द्वारकाबाईनं डोळ्याला पदर लावला.

"आता पुढचं वाच," नकोशी म्हणाली.

प्रियदर्शनीनं पिशवीतून पुस्तक काढलं. तिनं वाचायला घेतलं. दुपारभर वाचलं. नकोशी तिच्या तोंडाकडं बघत ऐकत होती आणि हं म्हणत होती. आता तो आवाज समोरच्या माणसाच्या तोंडून येत होता, एवढाच फरक. मायलेकी चार दिवस बावड्यात राहिल्या आणि कादंबरी संपली. शेवटी सरू म्हातारी होऊन त्याच नदीच्या काठी घर बांधते. ते ऐकून नकोशीनं डोक्यावरून पाणी घेतलं, सासूकडून केस विंचरून घेतले आणि चुलीपुढं जाऊन बसली. सुमित संध्याकाळी टेम्पो लावून घरात आला तो तिला चुलीपुढं बघून दारातच उभा राहिला. मग परत बाहेर गेला, आणि बराच वेळ आत आला नाही.

घरी आल्यावर प्रियदर्शनीनं वरकुट्यात दुसरं पुस्तक मोठ्यानं वाचून बघितलं. भिंतीपलीकडून काही आलं नाही. अप्पा म्हणाले, "लहानपणापासनं एकमेकींची सवय. योगायोग बी असतो." स्वतःच्या बोलण्यावर त्यांचा किती विश्वास होता कोण जाणे.

तिला मात्र चैन नव्हतं. मे महिन्यात वसतिगृहातली ट्रंक आणायला ती बारामतीला गेली तेव्हा वाचनालयात पुस्तक परत केलं. "यात सोळा पानं नाहीत," ती रामहरींना म्हणाली.

"अरेच्चा! कुणी सांगितलंच नाही इतक्या वर्षांत." ते चष्मा पुसत उठले. "एक जुनी प्रत आहे आत. घरी नाही देता येणार, इथं बसून वाचा."

वाचायच्या खोलीत पंख्याखाली पाचसहा माणसं वर्तमानपत्रं वाचत होती. 'शांतता राखा' अशी पाटी होती. प्रियदर्शनीनं कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि ती पानं काढली. ओठ घट्ट मिटले होते तिनं. डोळ्यांनीच वाचत होती आणि अक्षरं आत उतरत होती, लहानपणी उतरायची तशी. प्रश्न नाहीत, टिपा नाहीत. तिला ते कळलंसुद्धा नाही, कारण नाव भोवऱ्यात सापडली होती.

नावाड्याचं नाव हरबा होतं. त्यानं डोक्याचा पटका सोडला. पटका पिवळा होता. पोर गुंडाळून त्यानं पाठीशी बांधलं आणि एका हातानं वल्हं मारत नाव काढली.

काठाला लागल्यावर त्यानं गाठ सोडली तेव्हा पोर थंड पडलेलं होतं. भावजय, दूध, काहीच नव्हतं. हरबानं आणि सरूनं पहाटे वाळूत खड्डा केला आणि पिवळ्या पटक्यासकट ते पोर पुरलं. पुढची सगळी पानं सरू त्या जागेवर बसून होती.

प्रियदर्शनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज होऊ नये म्हणून तिनं ओढणी तोंडात धरली. पुस्तक रामहरींच्या टेबलावर ठेवून ती बाहेर पडली, तेव्हा त्यांनी काय विचारलं तेही तिला ऐकू आलं नाही.

आठवड्यानं ती बावड्याला गेली. या वेळी एकटीच. जाताना एसटीत तिनं ठरवून टाकलं होतं की नकोशीला यातलं काही सांगायचं नाही.

नकोशी दारातल्या लिंबाखाली शेंगा फोडत होती. अंगावर थोडं मांस आलं होतं, कपाळावरचे केस नीट बसवलेले होते. प्रियदर्शनी शेजारी बसली आणि सुपातल्या शेंगा घेऊन तीही फोडायला लागली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निकाल कधी, पुढं काय शिकणार, आबाजींची तब्येत कशी. मग नकोशीनं विचारलं, "मिळाली का ती पानं?"

"मिळाली."

"मग?"

"तू सांगितलंस तसंच हाय सगळं. पोर हरबाच्या घरी ऱ्हातं."

नकोशी दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला करत राहिली. तिचा हात थांबला नाही.

"खोटं कशाला बोलतीस, दर्शू? मंगळवारी दुपारी मी हितंच बसलेले. तुझा आवाज आला. पटक्यापत्तूर बरूबर हुतं. मग तू ते वाळूतलं वाचलंस. अन् रडलीस."

प्रियदर्शनीनं हातातली शेंग सुपात टाकली. "मी मोठ्यानं वाचलंच न्हाय, नकोशे," ती कशीबशी म्हणाली. "वाचनालयात बसले हुते. तोंड मिटून."

"ते मला काय म्हाईत? मला ऐकू आलं."

घरातून द्वारकाबाईच्या कपबश्यांचा आवाज येत होता. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ लिंबाखाली आली आणि हळूहळू खाली बसली. प्रियदर्शनीला विचारायचं होतं, विचारायला नको असंही वाटत होतं. शेवटी तिनं विचारलं.

"मग? सगळं ऐकलंस?"

"ऐकलं." नकोशीनं मूठभर दाणे उचलून सुपात टाकले. "पर मी हं म्हटलं न्हाय."

एवढं बोलून ती उठली आणि चहा आणायला आत गेली.

त्या दिवशी चहा झाल्यावर नकोशीनंच पिशवीकडं बोट दाखवून विचारलं, "आज काय आणलंस?" पिशवीत प्रवासवर्णनाचं एक पुस्तक होतं, बर्फाच्या डोंगरांचं. प्रियदर्शनीला काढायचं धाडस होईना.

"वाच की," नकोशी म्हणाली. "पर हितं बसून वाच. माझ्या म्होरं. तिकडं एकटी बसून वाचत जाऊ नगंस. मला हितलं काम सुचत न्हाय."

तिनं ते वाचलं. शेवटची एसटी यायच्या आत डोंगर अर्धा चढून झाला. द्वारकाबाईही पाय पसरून ऐकायला बसली होती आणि बर्फ म्हणजे नक्की केवढा थंड, हे मधेमधे विचारत होती.

जूनमध्ये निकाल लागला. प्रियदर्शनी पास झाली, बी.एड. करून तिला भिगवणजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. नकोशीला पुढच्या वर्षी मुलगी झाली. तिचं नाव तेजश्री ठेवलं. प्रियदर्शनी सुट्टीत बावड्याला जायची, जाताना एक पुस्तक न्यायची. वाचनाची गोडी तिला परत लागली ती लागलीच. कपाट भरलं, अप्पांनी दुसरं करून दिलं. फक्त एक झालं. शांततेत वाचलेलं बावड्यापर्यंत जातं, ही धास्ती बसली. घरात एकटी असताना ती पुस्तक उघडत नाही. एसटीत वाचते, शाळेत मधल्या सुट्टीत बरोबरच्या शिक्षिकांच्या गलक्यात वाचते, आई शेजारी शेंगा निवडत असेल तर वाचते. दुपारी घर रिकामं झालं की मात्र पुस्तक मिटून ठेवते आणि कुणीतरी येईपर्यंत दारात जाऊन उभी राहते.